पुराचा ठराव: सांगली शाखेच्या प्रतिनिधींनी साताऱ्याच्या सभेत काय केले

फार्मासिस्टांच्या राज्य संघटनेकडे सांगली जिल्हा शाखेने पुराबाबत एक ठराव पाठवला. साताऱ्याच्या वार्षिक धोरण सभेत त्या ठरावाचे काय झाले आणि तो घेऊन गेलेल्या तीन प्रतिनिधींना परतल्यावर शाखेत कशाला तोंड द्यावे लागले, याचा हा अभ्यास आहे. शाखांच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षणात वापरता यावा म्हणून तो लिहिला आहे. माणसे, प्रसंग आणि बोलणी त्यासाठी रचलेली आहेत, आणि संघटनेला नाव दिलेले नाही. कायदा, औषधांचे नियम आणि पुराची माहिती मात्र खरी आहे.

प्रश्न असा आहे. शाखेने "असेच मांडा" म्हणून बजावून पाठवलेल्या प्रतिनिधीने सभागृहात नवे मुद्दे ऐकल्यावर काय करायचे? माझे मत आधीच सांगून टाकतो. प्रतिनिधीने शाखेचा हेतू सांभाळायचा असतो, आणि त्यासाठी शाखेची वाक्ये बदलावी लागली तर बदलायची असतात. पण तो अधिकार फुकट मिळत नाही. बदल का केला, याचा हिशेब परत येऊन शाखेपुढे मांडावा लागतो.

ठराव कुठून आला

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. इथली इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ, टिळक चौक असा सगळा बाजारभाग पाण्यात होता. जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी आले.

पुरात औषधांची अडचण दोन्हीकडून येते. तळमजल्यावरच्या मेडिकलमधला माल भिजतो, आणि भिजलेल्या खोक्यातली गोळी वरून कोरडी दिसली तरी विकता येत नाही. वीज गेली की 2 ते 8 अंशांत ठेवायचे इन्सुलिन हातचे जाते. तिकडे रुग्ण अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडून निघालेला असतो. फाइल, चिठ्ठी, रिपोर्ट सगळे पाण्यात. बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्यांत खंड पडून चालत नाही, आणि फिट्सच्या गोळ्या एकदम तुटल्या तर झटका येण्याचा धोका असतो. पण शेड्यूल एच या सरकारी यादीमधले औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. अशा वेळी निवारा केंद्रातून आलेल्या माणसाच्या हातात असते ती फक्त रिकामी स्ट्रिप.

विश्रामबागला झालेल्या शाखेच्या सभेत अण्णांनी अशी एक स्ट्रिप सगळ्यांना दाखवली. अण्णांचे दुकान हरभट रोडला, वडिलांच्या वेळेपासूनचे. दहाही खळगे फुटलेले, मागचा चांदीचा कागद चुरगळलेला, आणि नावाचा सुरुवातीचा भाग गोळ्या काढताना फाटून गेलेला. वाचता येत होते ते "…डिपिन 5" एवढेच. अण्णा म्हणाले, "ही बाई कैक वर्षं माझ्याकडनंच गोळी नेते. मला न बघता सांगता येतंय कुठली ते. तिला मी चिठ्ठी आण म्हणून परत धाडू होय?"

सभा हलली. ठराव एकमताने मंजूर झाला. त्याचा मसुदा असा होता: "पूरग्रस्त भागातील दीर्घकालीन आजाराच्या रुग्णांना जुनी चिठ्ठी किंवा रिकामी स्ट्रिप पाहून एक महिन्याची औषधे देण्याची मुभा राज्य सरकारने फार्मासिस्टांना द्यावी, अशी ही सभा मागणी करते." याच सभेत आणखी एक वाक्य इतिवृत्तात गेले, आणि पुढचा सगळा पेच त्यातून उभा राहिला: "प्रतिनिधींनी या ठरावात काना-मात्रेचाही बदल मान्य करू नये."

असे वाक्य लिहायची शाखांना सवय असते. त्यामागे अविश्वास असतोच असे नाही. पूर्वीचे ठराव वर गेल्यावर ओळखू येणार नाहीत इतके पातळ होऊन आल्याची आठवण असते, आणि त्या आठवणीला आधारही असतो.

कोण जाणार

संघटनेच्या नियमाप्रमाणे दर 100 पात्र सभासदांमागे एक प्रतिनिधी. यात "पात्र" हा शब्द महत्त्वाचा. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याच्या कलम 15 नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही. सांगली शाखेत सभासद चारशेच्या वर, पण वर्गणीची यादी लावल्यावर पात्र संख्या चारशेच्या आत आली आणि एक जागा गेली. चौथा प्रतिनिधी गमावला तो कोषाध्यक्षांच्या टेबलावर, साताऱ्याला निघायच्या कितीतरी आधी. ज्या शाखेला सभेत वजन हवे तिने वर्गणी वसुलीकडे हिशेबाचे काम म्हणून पाहून चालणार नाही. मतांची बेरीज तिथेच सुरू होते.

उरलेल्या तीन जागांवर अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष जाणार असे गृहीत होते. दरवर्षी तसेच होते. या वेळी मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या फार्मासिस्ट मॅडमनी उभे राहून विचारले, "ठराव पुराचा आहे. पुरात काउंटरवर कोण होतं, त्यांना पाठवायला नको का?" थोडी कुजबुज झाली, पण अध्यक्षांनी मोठेपणा दाखवून स्वतःचे नाव मागे घेतले. शेवटी अण्णा, मिरजेच्या मॅडम आणि जतचा एक तरुण फार्मासिस्ट अशी निवड झाली. जतला महापूर नाही, दुष्काळ आहे. मग जतचा कशाला, असा प्रश्न आलाच. त्यावर सचिवांचे उत्तर मला पटले: ज्याच्या गावाला पुराचा फायदा-तोटा नाही त्याने पुराच्या बाजूने बोलले, तर बाकीचे जिल्हे जास्त कान देतात.

पर्यायी प्रतिनिधी म्हणून सचिवांचे नाव लिहून ठेवले. शाखा ही नोंद विसरतात, आणि ऐनवेळी कुणी आजारी पडले की जागा रिकामी जाते.

पुस्तिका हातात आल्यावर

ठराव 45 दिवस आधी पोचवायचा होता, तो पोचला. सभेच्या तीन आठवडे आधी विषयपत्रिकेची पुस्तिका आली. बहुतेक प्रतिनिधी ती गाडीत उघडतात. जतच्या तरुणाने ती पहिल्या रात्रीच वाचली आणि दोन गोष्टी शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या.

पहिली, सांगलीचा ठराव शेवटच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर ठेवला होता. ज्यांनी अशा सभा पाहिल्या आहेत त्यांना याचा अर्थ सांगायला नको. दुपारी दोननंतर नागपूर, नांदेड, जळगावची मंडळी गाड्यांच्या वेळा बघत बॅगा आवरतात. कुणीतरी उठून गणसंख्या मोजायला सांगितली की राहिलेले विषय कार्यकारिणीकडे जातात आणि तिथेच पडून राहतात. दुसरी गोष्ट, पुस्तिकेत आणखी दोन शाखांचे आपत्तीशी संबंधित ठराव होते: चिपळूणकडून भिजलेल्या मालाच्या विम्याबद्दल, आणि गडचिरोलीकडून पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांतल्या औषधसाठ्याबद्दल.

सचिवांनी राज्य सरचिटणीसांना लेखी विनंती केली की तिन्ही ठराव विषयाने जोडलेले आहेत, ते सलग आणि सकाळच्या सत्रात घ्यावेत. विनंती मान्य झाली. सांगलीच्या प्रतिनिधींनी केलेल्या सगळ्या कामात मला हे काम सर्वांत मोलाचे वाटते. याला ना भाषण लागले ना ओळख, लागले ते एक पत्र, वेळेत लिहिलेले.

मग फोन सुरू झाले. चिपळूणकरांनी 2021 चा पूर सोसलेला, ते अनुमोदक व्हायला लगेच तयार झाले. महाडचेही तसेच. गडचिरोलीच्या प्रतिनिधींनी मात्र एक शंका काढली. "तुमच्या ठरावात पूरग्रस्त भाग म्हटलंय. आमच्या भामरागडला कधी कधी घरात पाणी नसतं, पण पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की तालुकाच तुटतो. आमचा माणूस पूरग्रस्त की नाही?" जतच्या तरुणाकडे उत्तर नव्हते. त्याने प्रश्न वहीत लिहून घेतला आणि अण्णांना कळवला. अण्णा म्हणाले, "रास्त आहे, पण आपल्याला बदल करायची मुभा न्हाई."

साताऱ्याला, आदल्या संध्याकाळी

पोवई नाक्याजवळच्या एका मंगल कार्यालयात सभा होती. आदल्या संध्याकाळी विषय नियामक समिती बसली. तिचे काम आलेले ठराव चाळून, एकमेकांना छेदणारे जुळवून, सभागृहापुढे काय आणि कोणत्या शब्दांत जाईल ते सुचवणे. समितीचे सभासद मोजके असतात, पण बोलायला कुठल्याही प्रतिनिधीला मुभा असते. ही मुभा फार थोडे वापरतात. बाकीचे त्या वेळी नोंदणीच्या टेबलाशी पिशवी आणि बॅज घेत असतात, किंवा कंदी पेढे घ्यायला बाजारात गेलेले असतात. ठराव प्रत्यक्षात घडतो तो या खोलीत. दुसऱ्या दिवशी सभागृहात पाच मिनिटांच्या भाषणात मसुदा लिहिता येत नाही.

सांगलीचे तिघेही खोलीत होते. हरकती चार आल्या.

पहिली कायद्याची. समितीतल्या एका ज्येष्ठाने विचारले, ही मुभा राज्य सरकार देऊ शकते का? औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 हा केंद्राचा, त्याखालचे नियमही केंद्राचे. साथ किंवा नैसर्गिक आपत्तीच्या वेळी सार्वजनिक हितासाठी औषधांची विक्री आणि वाटप यांचे नियमन करण्याचा अधिकार कलम 26-ब ने केंद्र सरकारला दिलेला आहे. 26 मार्च 2020 रोजी टाळेबंदीत औषधे घरपोच देण्याची परवानगी निघाली ती याच कलमाखाली. म्हणजे सांगलीचा ठराव जसाच्या तसा मंजूर झाला असता, तर तो ज्याच्या हातात अधिकार नाही अशा दारात जाऊन बसला असता.

दुसरी हरकत महिन्याच्या साठ्याची. पुरात स्टॉकिस्टकडून, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडून, माल येणे बंद असते. पहिल्या दहा जणांना महिन्याचे औषध दिले तर अकराव्याला काय? ही हरकत पुण्याच्या प्रतिनिधीने घेतली आणि तिला उत्तर नव्हते. निवारा केंद्रातला माणूस आठवडाभरात कुठल्यातरी डॉक्टरपुढे उभा राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी सात दिवस सुचवले.

तिसरी शेड्यूल एच-वनची. तिसऱ्या-चौथ्या पिढीची अँटिबायोटिक्स, झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्या, ट्रामाडॉल यांसारखी औषधे या यादीत आहेत. ही यादी 1 मार्च 2014 पासून लागू आहे, आणि त्यातल्या प्रत्येक विक्रीची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ते तीन वर्षे जपावे लागते. सांगलीच्या मसुद्यात यांचा उल्लेखच नव्हता. 2020 च्या परवानगीत शेड्यूल एच-वन, शेड्यूल एक्स आणि अमली पदार्थविषयक कायद्याखालची औषधे स्पष्टपणे वगळली होती. तसेच इथे करावे, असे समितीचे मत पडले.

इथे मिरजेच्या मॅडमनी खोलीतल्या कुणाच्याच लक्षात न आलेली गोष्ट सांगितली. रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड ही क्षयरोगाची औषधेही एच-वनमध्येच आहेत. एच-वन सरसकट वगळले तर पुरात क्षयरोगाच्या रुग्णाचा डोस तुटणार, आणि तुटलेल्या डोसातून औषधाला न जुमानणारा क्षय तयार होतो. समितीने बराच वेळ यावर घालवला. क्षयाची औषधे दुकानातून चिठ्ठीविना द्यायला कुणीच तयार नव्हते, आणि मॅडमचाही तसा आग्रह नव्हता. शेवटी वेगळे कलम लिहिले गेले: क्षयरोगाच्या रुग्णांना शासकीय कार्यक्रमातून मिळणारी औषधे निवारा केंद्रातच पोचवण्याची व्यवस्था जिल्हा क्षयरोग केंद्राने करावी, आणि स्थानिक फार्मासिस्टांनी अशा रुग्णांची नावे केंद्राला कळवावीत. हे कलम सांगलीच्या मूळ ठरावात नव्हते. माझ्या मते संपूर्ण ठरावातले हे सर्वांत उपयोगी कलम आहे.

चौथी हरकत रिकाम्या स्ट्रिपची. ती समितीत सुटली नाही, सभागृहात गेली.

रात्री जेवणानंतर तिघे बसले. आदेश होता काना-मात्रा न बदलण्याचा, आणि मसुद्यातले निम्मे शब्द बदलले होते. अण्णांनी शाखाध्यक्षांना फोन लावला. अध्यक्षांनी सांगितले की शाखेच्या सर्वसाधारण सभेचा आदेश बदलायचा अधिकार त्यांनाही नाही. नियमाने ते बरोबरच होते. जतचा तरुण म्हणाला, "अण्णा, आपण ठराव मागं घेतला तर आदेश पाळल्यासारखा होईल, पण पुढच्या पुरात त्या बाईला गोळी मिळणार आहे का?" अण्णांनी उत्तर दिले नाही. मॅडमनी एक मार्ग सुचवला. मूळ ठराव शाखेच्या नावाने जसाच्या तसा मांडायचा, म्हणजे आदेश पाळला जाईल. समितीच्या सुधारणा उपसूचना म्हणून येतील, त्यांवर तिघांनी आपापल्या बुद्धीने मत द्यायचे, आणि कुणी काय मत दिले ते शाखेला लेखी कळवायचे.

सभागृहात

सकाळी अण्णांनी सूचक म्हणून मूळ ठराव वाचला. बाईची गोष्ट सांगितली, स्ट्रिप दाखवली, आणि पाच मिनिटांच्या आत बसले. चिपळूणने अनुमोदन दिले.

समितीच्या उपसूचना एकेक करून आल्या. केंद्राकडे मागणी कलम 26-ब खाली करावी आणि ती राज्याच्या अन्न व औषध प्रशासनामार्फत पाठवावी, ही आवाजी मतदानाने मंजूर झाली. "पूरग्रस्त" ऐवजी "पूरग्रस्त अथवा संपर्क तुटलेल्या, जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या भागातील" ही गडचिरोलीची उपसूचना जतच्या तरुणाने अनुमोदित केली. जतचा माणूस भामरागडसाठी उभा राहिला याने सभागृहाचा सूर बदलला. एच-वन आणि क्षयरोगाचे कलमही मंजूर झाले. सात दिवसांच्या उपसूचनेवर मतदानाची कार्डे वर झाली तेव्हा मॅडम आणि जतचा तरुण बाजूने होते. अण्णा तटस्थ राहिले.

नंतर स्ट्रिप. मुंबई विभागाच्या एका प्रतिनिधीने "किंवा रिकामी स्ट्रिप" हे शब्द गाळावेत अशी उपसूचना मांडली. त्यांचे भाषण मला सभेतले सर्वांत चांगले वाटले, ते सांगलीच्या विरोधात असूनही. त्यांनी अण्णांच्याच स्ट्रिपकडे बोट दाखवले. "…डिपिन 5 म्हणजे काय? अम्लोडिपिन 5 आहे, सिल्निडिपिन 5 आहे, निफेडिपिन 5 पण आहे. अण्णांना बाई ठाऊक आहेत, म्हणून त्यांना गोळी ठाऊक आहे. पण अण्णांचं दुकान पाण्यात गेलंय. बाई जाणार विश्रामबागच्या दुसऱ्याच दुकानात. तिथल्या पोराला कसं कळणार?"

टाळ्या पडल्या, आणि त्या योग्य होत्या. अनोळखी दुकानात अण्णांची वर्षानुवर्षांची ओळख उपयोगाची नव्हती.

मॅडमनी उपसूचनेला उपसूचना लिहून दिली. शब्द गाळू नयेत, त्याऐवजी असे म्हणावे: स्ट्रिपवरील औषधाचे नाव व मात्रा पूर्ण वाचता येत असेल, आणि नोंदणीकृत डॉक्टरशी फोनवर बोलून खात्री केली असेल, तरच, आणि डॉक्टरचे नाव, नोंदणी क्रमांक, वेळ व दिलेल्या गोळ्यांची संख्या लिहून ठेवावी. यावर हरकतीचा मुद्दा आला: शब्द गाळण्याच्या सूचनेला शब्द वाढवण्याची उपसूचना देता येते का, ही तर मूळ उपसूचनेचा नकार आहे. सभेच्या अध्यक्षांनी सरचिटणीसांशी बोलून निर्णय दिला की मॅडमची सूचना नुसता नकार नाही, तिसरा पर्याय आहे, त्यामुळे ती ग्राह्य. आणि ती आधी मताला जाईल. कुणाला पटो न पटो, निर्णय स्पष्ट दिला आणि कारण सांगितले, हे चांगले झाले. सभागृहाला कारण कळले की हरलेली बाजूही बसून राहते.

आवाजी मतदानात अंदाज येईना. जतच्या तरुणाने मोजणीची मागणी केली. कार्डे मोजली गेली आणि मॅडमची सूचना थोड्या फरकाने मंजूर झाली. या वेळी अण्णांचे कार्ड वर होते. त्या फरकात गडचिरोली, महाड आणि चिपळूणची मते होती, आणि ती आदल्या संध्याकाळी आणि त्याआधीच्या फोनवर तयार झालेली होती.

मध्येच एका उत्साही प्रतिनिधीने आपत्तीतील सेवा हे संघटनेच्या उद्दिष्टांतच घालावे अशी सूचना केली. अध्यक्षांनी ती त्या दिवशी घेता येणार नाही असे सांगितले. उद्दिष्टे बदलायची तर संस्था नोंदणी कायद्याच्या कलम 12 प्रमाणे किमान दहा दिवस आधी सभासदांना प्रस्ताव पाठवून खास सभा बोलवावी लागते, तीन पंचमांश मते लागतात, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या खास सभेत ते पुन्हा तीन पंचमांश मतांनी कायम करावे लागते. धोरणाचा ठराव आणि घटनेतला बदल यांतला हा फरक नव्या प्रतिनिधींना कुणी सांगत नाही. तो पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापायला हवा.

सुधारित ठराव शेवटी प्रचंड बहुमताने मंजूर झाला.

परत आल्यावर

शाखेची सभा गरम झाली. "आम्ही महिना म्हटलं होतं, तुम्ही आठवडा घेऊन आलात." "काना-मात्रा म्हणजे काय ते इतिवृत्तात लिहिलंय." एका सभासदाने तिघांनाही पुढची तीन वर्षे प्रतिनिधी करू नये, असे सुचवले.

तिघांनी तोंडी बचाव केला नाही. मॅडमनी दोन पानांचा अहवाल वाटला. डाव्या बाजूला मूळ वाक्य, उजव्या बाजूला मंजूर झालेले, खाली कारण, आणि प्रत्येक मतदानात तिघांपैकी कुणी काय मत दिले ते. अण्णांची तटस्थता त्यात लिहिलेली होती. अण्णा उठले आणि म्हणाले, "सात दिवसाला मी हात वर केला नाही, कारण तुम्ही मला महिना सांगितला होता. पण खरं सांगायचं तर सात दिवस बरोबर आहेत. महिन्याचा माल मी कुठनं आणणार होतो?"

अण्णांच्या तटस्थतेबद्दल मला आदर आहे, तरी ती मला मान्य नाही. बरोबर काय ते माहीत असून कार्ड खाली ठेवल्याने शाखेचा आदेश पाळला गेला असेल, पण शाखेला आपल्या प्रतिनिधीची बुद्धी मिळाली नाही. मतदान अटीतटीचे असते तर त्या एका मताने निकाल फिरला असता.

आपल्या भागात या प्रश्नाला जुने मूळ आहे. औंध संस्थानाने 1939 मध्ये स्वराज्याची घटना स्वीकारली, तेव्हा गावाने पंचायत निवडायची आणि तिथून प्रतिनिधित्व वर तालुक्याकडे आणि विधिमंडळाकडे जायचे अशी पायऱ्यांची रचना केली होती. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी त्या संस्थानात होती. अशा रचनेत वर गेलेला माणूस खाली उत्तर देतो म्हणूनच ती चालते, आणि उत्तर द्यायचे तर त्याच्या हातात काही निवड असावी लागते. निवडच नसेल तर विचारणार काय?

शाखेने अहवाल चर्चेनंतर बहुमताने स्वीकारला. सर्व सभासद समाधानी नव्हते आणि काहींची नाराजी आजही आहे, कारण फिट्सच्या रुग्णाला सात दिवसांत डॉक्टर मिळेलच असे नाही, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. त्याचे उत्तर ठरावात नाही.

काना-मात्रेचे वाक्य मात्र गेले. पुढच्या वर्षापासून प्रत्येक ठरावासोबत प्रतिनिधींना लेखी सूचना द्यायची, असे ठरले: काय कुठल्याही परिस्थितीत सोडायचे नाही, कशावर देवाणघेवाण चालेल, आणि कोणता मुद्दा आला तर मत देण्याआधी शाखेला फोन करायचा. फोन घेण्यासाठी कार्यकारिणीच्या दोघांना सभेचे दोन्ही दिवस मोकळे ठेवायचे, आणि त्यांना तेवढ्यापुरता निर्णयाचा अधिकार सर्वसाधारण सभेनेच आधी द्यायचा. सभेहून आल्यावर पंधरा दिवसांत दोन बाजूंचा अहवाल, मतांसकट.

मंजूर ठरावाचे पत्र राज्य कार्यालयातून निघाले की नाही, याचा पाठपुरावा जतच्या तरुणाकडे दिला. पत्राची पोच मिळाली आहे, उत्तर आलेले नाही. दर महिन्याला स्मरणपत्र जाते आणि त्याची प्रत चिपळूण, महाड व गडचिरोलीला जाते.

पुरात भिजलेल्या एच-वन रजिस्टरचे काय करायचे, नोंदी पुन्हा कशा उभ्या करायच्या आणि निरीक्षकाला काय दाखवायचे, हा विषय साताऱ्याला मांडायचा राहून गेला. तो पुढच्या सभेसाठी वेगळा ठराव म्हणून लिहायला घेतला आहे. मसुदा मिरजेच्या मॅडम करत आहेत, अनुमोदनासाठी कोल्हापूरला विचारले आहे, आणि या वेळी वर्गणीची यादी सभेच्या चार महिने आधी लावायची असे कोषाध्यक्षांनी कबूल केले आहे.